टॉवेलाखालचा आकडा

आमच्या लॅबच्या बाकावर नवरा-बायको हातात हात घेऊन बसलेत, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. नवरे बहुतेक बाहेर टपरीशी उभे राहायचे आणि बायका आत पदराशी चाळा करत बसायच्या. त्यामुळे शहाण्णव साली एका सकाळी पंचेचाळिशीची बाई आणि तिचा पन्नाशीचा नवरा एकमेकांना खेटून बसलेले, दोघांच्या मांडीवर एक चौकड्यांचा टॉवेल पसरलेला आणि टॉवेलाखाली हातांची काहीतरी चुळबुळ चाललेली, हे बघून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. मी तेव्हा तोंडाळ होते. अजूनही आहे, पण आता वयामुळे खपून जातं.

"काका, रिपोर्ट मिळाला ना? मग जरा जागा करा, माणसं उभी आहेत," मी म्हणाले.

काकांनी हात टॉवेलाखालून काढला नाही. बाईच म्हणाली, "वाईच थांबा ताई. मालक आकडा सांगत्यात."

ही शालन. मी तिला तोंडावर शेवटपर्यंत 'अहो शालनताई'च म्हणायचे, पण आठवणीत ती अहो-जाहोत बसत नाही, म्हणून इथे ती 'ती'च राहील. नवरा सयाजी. दोघं साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. तो एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहणारा. ती त्याच मार्केटात एका गाळ्यावर कांदा निवडायला बसायची. मी राजश्री, वाशीतल्या एका लहानशा लॅबमध्ये रक्त काढणारी. साध्या तपासण्या आम्ही तिथेच करायचो. मोठ्या तपासण्यांचं रक्त बर्फाच्या थर्मासातून मुंबईला जायचं आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट पाकिटातून यायचा. शालनची तपासणी या दुसऱ्या प्रकारातली होती.

टॉवेलाचा उलगडा तिनेच केला. मार्केटात व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली हात घालून बोटांनी सांगतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला कळत नाही. सयाजी हे तरुणपणापासून बघत आलेला. लग्न होऊन शालन मुंबईला आली तेव्हा कांद्याचा बाजार अजून मशीद बंदराला होता आणि घर म्हणजे एक खोली. त्या खोलीत सासू बयाबाई, आणि तिचे कान भलते तिखट. नवरा-बायकोला चार शब्द बोलायची चोरी. मग सयाजीने तिला बोटांची भाषा शिकवली. पाचापर्यंत तितकी बोटं धरायची. त्याच्या वर असेल तर आधी सगळा पंजा आणि मग उरलेली बोटं. मोठा आकडा असला तर दहाई आधी, मग जरा थांबून एकं. रेडिओ ऐकत बसल्या बसल्या टॉवेलाखाली ठरायचं, की किती वाजता पुलावर भेटायचं, किती दिवसांनी गावाला जायचं.

"सासूबाईस्नी वाटायचं, पोरगा लई गुणाचा. बायकोसंगं एक शबूद बोलत न्हाय," ती सांगायची आणि स्वतःच हसायची.

शालनला अक्षर येत नव्हतं. रिपोर्ट सयाजी उघडायचा, आकडा बघायचा आणि टॉवेलाखालून तिला सांगायचा. मी हटकलं त्या सकाळी टॉवेलाखाली बारा होते. बारा हा फार चांगला आकडा होता, आणि मी त्यावरच खेकसले होते, हे मला नंतर कळलं.

तिच्या आजाराची सुरुवात कोणाच्या डोळ्यात भरावी अशी नव्हती. पोट फुगायचं. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. तिने गॅस समजून ओवा खाल्ला, बाटल्याच्या बाटल्या पांढरं औषध प्याली. परकराची नाडी पुरेनाशी झाली आणि गाल मात्र बसत चालले, तेव्हा गोजराने तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. गोजरा जवळच्या पावणे गावची, गाळ्यावर शालनच्या शेजारी बसणारी. तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग दर महिन्याला सलाईनमधून औषधं. डोक्यावरचे केस गेले, भुवयासुद्धा गेल्या.

तिच्या डॉक्टर जयमालाबाई. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकून आलेल्या आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर बसणाऱ्या. सयाजीने त्यांच्यापुढे हात जोडले होते, की तिला आजाराचं नाव कळू देऊ नका. त्या म्हणाल्या, "सयाजीराव, आजार त्यांच्या पोटात आहे आणि सुई त्यांच्या हातात टोचायची आहे. त्यांनाच चुकवून मी कुठून जाऊ?" आणि त्यांनी शालनला समोर बसवून सगळं सांगितलं. घरी बयाबाईला मात्र 'पोटातली गाठ काढली' एवढंच कळवलं होतं.

आकड्याची गोष्टही जयमालाबाईंनीच समजावली. या आजाराच्या गाठी रक्तात एक पदार्थ सोडतात. तो किती आहे, हे मोजणारी तपासणी म्हणजे सीए एकशे पंचवीस. एकशे पंचवीस हे नुसतं नाव. सयाजीला पहिल्या दिवशी तोच निकाल वाटला होता आणि तो भिंतीला टेकून खाली बसला होता. पस्तिसाच्या आत असलं की ठीक. शालनचा आकडा ऑपरेशनच्या आधी नऊशेच्या वर होता. सलाईनं संपली तेव्हा तो बारावर आला. ज्या सकाळी तो आला, त्या सकाळी त्यांनी माझा बाक अडवला होता.

त्यानंतर ती तीन-तीन महिन्यांनी यायची. एकदा पुरत्या टकल्या डोक्यावरून पदर घेऊन, एकदा मुलासारखे बारीक केस घेऊन. नवे केस कुरळे आले होते. "म्हातारपणी झॅकपॅक झाले बगा," ती म्हणायची. तिची शीर सापडायला अवघड; सलाईनने सगळ्या शिरा रुसलेल्या. मी दोन-दोनदा टोचायचे आणि चुकले की स्वतःवरच चिडायचे. तीच मला समजवायची, "गावलं तर गावलं, न्हाय तर दुसऱ्या हातावर बगा. हाताला काय घाई हाय?"

मग एका खेपेला एकोणतीस आले. पस्तिसाच्या आतच, पण दुपटीहून जास्त. सयाजीने ते टॉवेलाखाली जसेच्या तसे सांगितले. जयमालाबाई म्हणाल्या, पुढची तपासणी तीन महिन्यांनी नको, पुढच्याच महिन्यात करू.

पुढच्या महिन्याचा रिपोर्ट पाकिटात घालताना मी पाहिला. अठ्ठावन्न.

दोघं बाकावर बसली होती. सयाजीने पाकीट उघडलं, कागद बघितला, घडी केली. चेहऱ्यावर काही नाही. मग टॉवेल पसरला. मी समोर कापसाचे बोळे करत होते, पण नजर तिकडेच. शालनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "अठ्ठावीस. येकानं उतरला बगा ताई."

मी सयाजीकडे पाहिलं. तो टॉवेलाची घडी घालत होता. एक घातली, मोडली, पुन्हा घातली. पाचाच्या जागी त्याने दोन सांगितले होते. मी एवढी तोंडाळ, पण नुसतं "बरं झालं," म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दोन दिवसांनी सयाजी एकटाच आला. अंगावर कांद्याचा वास, खांद्याला माती. खिशातून दुसऱ्या एका लॅबचा कागद काढून माझ्यापुढे टाकला.

"बाई, तुमचा आकडा चढा हाय. ह्यो बगा. त्रेचाळीस."

"हे रक्त कधी काढलं?"

"काल. तिला सांगितलं, दुसऱ्या येका तपासनीची बाटली फुटली म्हून पुन्ना द्यायचंय." आणि मग, जणू काही समजूतदारपणाचंच काम केलंय अशा आवाजात, "दोन गाळ्यांवर इचारल्याबिगर आमी माल घेत न्हाय."

माझं डोकं फिरलं. "इथे काय लिलाव चाललाय का सयाजीभाऊ? ज्याचा आकडा कमी त्याच्याकडून घ्यायचा?"

तो ओशाळला, पण हटला नाही. कागदावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्याला स्टुलावर बसवलं. सांगितलं, की प्रत्येक लॅबची मोजायची रसायनं वेगळी, म्हणून तेच रक्त दोन ठिकाणी दोन आकडे दाखवतं. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. "सकाळी एका काट्यावर गोणी वजन केली आणि दुपारी दुसऱ्या काट्यावर, तर माल घटला असं म्हणाल का तुम्ही?"

"न्हाय," तो म्हणाला. "काटा बगू म्हनंन."

"मग. शालनताईंची रांग या काट्यावर लागलीय. बारा, एकोणतीस, अठ्ठावन्न. एकटा आकडा काही सांगत नाही, रांग सांगते. आणि हे त्रेचाळीस धरले, तरी तेही पस्तिसाच्या वरच आहेत."

शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं. त्याने टॉवेल तोंडावर घेतला. पाठीवर शंभर किलो घेऊन फळीवरून चढणारा माणूस, त्याचे खांदे हलताना मला बघवेनात. मी उठून पाणी आणलं.

"आत्ता कुटं येनी घालन्याइतकं क्यास आल्यात तिचं," तो म्हणाला. "तिला कळलं की ती खचंल. मी डाक्टरबाईंस्नी इनवनी करतो, सलाईन लगीच लावा, पर ताकदीचं हाय म्हून सांगा."

"ताकदीच्या सलाईनने केस जातात का कधी? ती काय दुधखुळी आहे?"

तो त्रेचाळीसचा कागद घडी करून घेऊन गेला. तो कागद त्याला टाकवेना.

त्याच आठवड्यात शालन आली, तीही एकटी. रक्त द्यायचं नव्हतं. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग म्हणाली, "ताई, बाटली खरंच फुटली हुती का?"

मी कापसाचा डबा उगाच पुसायला घेतला. रिपोर्ट तिचा, रक्त तिचं, सांगायला माझी काहीच हरकत नव्हती. पण डोळ्यांपुढे तोंडावर टॉवेल घेतलेला सयाजी होता.

"नका सांगू," तीच म्हणाली. "मला ठावं हाय. आकडा अठ्ठावीस न्हवं."

"कशावरून?"

तिने माझा हात तिच्या मांडीवर घेतला. माझी दोन बोटं हलकेच मुठीत धरली. "खरं असलं की आमचं मालक अशी धरत्यात." मग तीच बोटं जोरात आवळली. "आन खोटं असलं की अशी दाबत्यात. त्यास्नी सोताला कळत न्हाय. माझा बा आजारी हाय म्हून गावाकडनं सांगावा आला, तवा मी यष्टीत इचारलं, किती दिस झालं? दोन बोटं दाबली. बा तवा गेलावता. मला यष्टीतच कळलं. मी बोलले न्हाय. म्हनलं, गावापातूर त्यांचं त्यास्नी मन राकू द्यावं."

मी माझा हात तिच्या हातातच राहू दिला. ती मात्र शांत होती. तिला आकड्यापेक्षा वेगळंच विचारायचं होतं.

"आकडा चढला की सलाईन लगीच लावत्यात का?"

"ते डॉक्टरबाई सांगतील."

"पर मला इचारत्याल का त्या? का समदी मिळून ठरिवनार आन मी नुसता हात पुढं करायचा?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "वरीसभर घरात बसून भिताड बगितलं मी. आत्ता जेवान जातंय, हातपाय चालत्यात. मला गाळ्यावर बसायचंय ताई. बायांच्यात. माझं किती दिस ऱ्हायलं ह्ये कुनी सांगू नये, पर जे हायत ते कसं घालवायचं ह्ये मला इचारावं."

"मग वर जा. डॉक्टरबाई आहेत आत्ता."

"मालकास्नी संगं घिऊनच जाते," ती पदर सावरत म्हणाली. "येकली गेले तर त्यांचं तोंड उतरंल."

दुसऱ्या दिवशी जयमालाबाईंनी मला वर बोलावलं. शालनचे सगळे जुने रिपोर्ट घेऊन ये, म्हणाल्या. मी गेले तेव्हा दोघं टेबलापुढे बसली होती. सयाजीने तो त्रेचाळीसचा कागदही काढून ठेवला होता. बाईंनी तो वाचला आणि न रागावता बाजूला सारला.

त्या बोलायला लागणार, इतक्यात शालनने सयाजीच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोघांच्या मांडीवर पसरला आणि हात खाली घातला.

"सांगा," ती म्हणाली.

सयाजीने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी नजर दुसरीकडे वळवली. त्याचा हात टॉवेलाखाली गेला.

"दाबू नका," शालन हळूच म्हणाली. "धरा."

टॉवेल एकदा हलला, थांबला, मग दोनदा हलला. सयाजी खाली मान घालून बसला होता आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टॉवेलावर पडत होतं.

"अठ्ठावन्न," शालन म्हणाली. तिने एक लांब श्वास सोडला. "येवढंच हुतं व्हय. मी शंभराच्या वर धरून चालले हुते."

मग जयमालाबाई बोलल्या. त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. आकडा म्हणजे आजार नव्हे, म्हणाल्या, ती त्याची चाहूल. चाहूल कधी फसवते. दुसऱ्या कारणांनीही आकडा वाढतो. पण तुमची रांग चढती आहे, तेव्हा आजार पुन्हा जागा होतोय असं मला वाटतं. पोट तपासलं, मऊ आहे. सोनोग्राफीत गाठ नाही, पाणी नाही. काही डॉक्टर आकड्यावरच सलाईन सुरू करतात. आजार दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा त्याने जास्त आयुष्य मिळतं, असं कोणी मला अजून दाखवून दिलेलं नाही. त्रास मात्र आजपासून सुरू होतो, एवढं नक्की. "मी थांबेन. दर महिन्याला पोट तपासेन. पण तुम्हाला लगेच हवं असेल, तर तसंही करू. ठरवायचं तुम्ही."

"आत्ताच लावा," सयाजी म्हणाला.

शालनने विचारलं, "थांबलं तर गाळ्यावर बसू का मी?"

"बसा. गोणी उचलू नका."

"मग थांबूया," ती म्हणाली.

जिन्यावरून उतरताना सयाजी तिच्यापुढे चार पायऱ्या चालला होता. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नाही. शालन माझ्याकडे बघून हसली आणि कठड्याला धरून सावकाश उतरली. खाली तो तिची वाट बघत उभा होताच.

पुढच्या सोमवारी त्याने घरचा पाट हातगाडीवर टाकला आणि गाळ्यावर तिच्या जागी नेऊन मांडला. जमिनीचा गारठा पोटाला लागू नये म्हणून. हे मला गोजराने सांगितलं. त्या दिवसापासून मी घरचा कांदा मुद्दाम त्याच गाळ्यावरून आणायला लागले. बायका गोल करून बसायच्या, मधे कांद्याचा ढीग, सडका एकीकडे, चांगला एकीकडे. शालनच्या कुरळ्या केसांत सालपटं अडकलेली असायची. मला बघितलं की ओरडून सांगायची, "रक्त काडनारी आली ग, हात लपवा." मग एखादी भलतीच थट्टा निघायची आणि सयाजी पाठीवर गोणी घेऊन जाता जाता तिच्याकडे बघून घ्यायचा. मला माझी लॅब तेव्हा फार उदास जागा वाटायची.

त्या दिवसांत गोजराने एक घोळ घातला. शालनला आधी ही तपासणी झाली असती तर आजार लवकर कळला असता, असं तिच्या मनाने घेतलं आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी कोणाला न विचारता स्वतःचं रक्त देऊन आली. आकडा आला बावन्न. गोजरा गाळ्यावर गोणीवर बसून हमसून रडत होती. तिची समजूत शालनने घातली. "अगं, तुजी पाळी चालू हुती ना? मग वाढनारच की. टीबीनं वाढतो, पिशवीच्या गाठीनं वाढतो. माझ्यासारख्या कुनाकुनाचा तर आजार असून वाढत न्हाय. आकडा म्हंजी आजार न्हवं. आदी पोट दाखीव, मग रड." पोट दाखवलं. गर्भाशयाला साधी गाठ निघाली. गोजरा माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, जसं काही मीच तिला रक्त द्यायला सांगितलं होतं.

शालनने स्वतःची तपासणीही लांबवली. "आकडा कळून करायचंच काय न्हाय, तर कळू कशाला द्यायचा?" तिने जयमालाबाईंना विचारलं, आणि त्यांनी होकाराची मान हलवली. दर महिन्याला ती वर पोट तपासून यायची आणि जाताना आमच्या दारात थांबायची. दिवाळीच्या आधी तिने मला वेणी दाखवली. बोटभरच, पण वेणी. तिच्यावर अबोलीचा एवढासा गजरा, पडू नये म्हणून चार पिना लावलेला. मी तिला म्हटलं, नजर लागेल. ती म्हणाली, लागू दे की.

गाळ्यावरचे ते दिवस वर्षाच्या आसपास पुरले. पुढच्या गणपतीनंतर परकराची नाडी पुन्हा आखूड पडायला लागली. पोटात पाणी दिसलं, आणि तेव्हा मात्र तीच म्हणाली, आता लावा सलाईन. औषधाने काही महिने दिले, मग द्यायचं थांबवलं. बयाबाईला आता कोणी काही सांगितलं नाही आणि तिनेही काही विचारलं नाही.

शेवटचं मी तिच्याकडे गेले ते कोपरखैरण्याला त्यांच्या घरी. हिमोग्लोबिन बघायचं म्हणून जयमालाबाईंनी मला रक्त काढायला पाठवलं होतं. दुपारची वेळ. बयाबाई कोपऱ्यात मेथी निवडत होती. शालन खाटेवर, ओळखू येऊ नये इतकी लहान झालेली. बोलायची ताकद नव्हती. सयाजी उशाशी बसला होता आणि दोघांच्या हातांवर तो चौकड्यांचा टॉवेल होता. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, की दुखणं दहापैकी किती ते रोज विचारायचं, म्हणजे औषध कमी-जास्त करता येईल. बाकीची माणसं हे तोंडाने विचारतात.

"दुकतंय किती?" त्याने विचारलं.

टॉवेल हलला.

"दोन," सयाजी मला म्हणाला.

मला बरं वाटलं. मी पिशवी उघडून पट्टा काढला, सुई काढली. सयाजीने हात बाहेर घेतला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला होता.

"दाबलंस," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले.

"शालन, दाबलंस तू." आईच्या देखत त्याने तिचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बयाबाईचे हात मेथीवर थांबले. "माझं मन राकू नगंस. धरून सांग."

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. मग टॉवेल हळूच वर आला, सगळा पंजा. पाठोपाठ पुन्हा हलला.

"आठ," सयाजी म्हणाला. तो उठला, टॉवेल खांद्यावर न टाकता तिच्या हातावर तसाच राहू दिला आणि चपला न घालता कोपऱ्यावरच्या फोन बूथकडे धावला, जयमालाबाईंना दुखण्याचं मोठं औषध आणायला सांगायला.

मी सुई परत ठेवून दिली. त्या हातात पुन्हा टोचायचं मला होईना. तिच्या उशाशी, सयाजीच्या जागेवर बसले आणि काय करावं न कळून टॉवेलाखाली हात घातला. "येतीलच आता डॉक्टर," म्हणाले. "भीती किती वाटते?"

तिने माझं एक बोट धरलं. नुसतं धरलं, आणि सयाजी परत येईपर्यंत सोडलं नाही.